कॅप्टन लिहायचं की सुभेदार?

अहो वहिनी, ऐकलंत का? ती बादली ठेवा आधी खाली, उभ्याउभ्या ऐकण्यासारखं नाहीये हे. आणि जरा कुंपणाच्या अलीकडे या, वारा त्यांच्या घराकडे वाहतोय. तर त्या आपल्या सुभेदारीणबाई. आता त्यांना सुभेदारीणबाई म्हणायची सोय राहिली नाही बरं का. काल दळणाच्या रांगेत मी सवयीने म्हटलं, "काय सुभेदारीणबाई, ज्वारी की तांदूळ?" तर माझ्याकडे अशा बघितल्या, जसं काही मीच त्यांच्या डब्यात खडे टाकले. म्हणाल्या, "अहो, २६ जानेवारीच्या यादीत ह्यांचं नाव आलंय. ऑनररी कॅप्टन. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" सांगितलं नाही कसं! तीन ग्रुपवर तोच फोटो. पण मी आपलं तोंडावर "अय्या, हो का?" केलं. गिरणीवाल्याने काय केलं, तर मुद्दाम मोठ्याने विचारलं, "कॅप्टनीणबाई, बारीक दळू का जाड?" सगळी रांग हसली, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की...

पण खरं सांगू, मान मोठाच आहे तो. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस लान्सनायक, नायक, हवालदार करत करत नायब सुभेदार होतो, मग सुभेदार, आणि नशीब जोरावर असेल तर सुभेदार मेजर. त्यातल्या निवडक लोकांना २६ जानेवारीला नाहीतर १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन करतात. सगळ्यांना कुठे मिळतं? त्यांनी मला आत नेऊन कपाटातला गणवेशसुद्धा दाखवला. सुभेदाराच्या खांद्यावर दोन स्टार आणि खाली लाल-पिवळी-लाल पट्टी. लेफ्टनंटलाही स्टार दोनच, पण पट्टी नाही. कॅप्टनला तीन. म्हणाल्या, "ही पट्टी निघाली की माणूस ऑफिसरात." आणि त्या पट्टीवरून असा हात फिरवला बाई, की मला कळेना, ती निघाल्याचा आनंद आहे की वाईट वाटतंय.

आणि गंमत ऐका. सुभेदारांना... बघा, मीसुद्धा सुभेदारच म्हणतेय. तर त्यांना स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचंच नाहीये! नेमप्लेटवाला आला होता पौडहून. बाईंनी कागदावर लिहून दिलं, "ऑनररी कॅप्टन", पुढे नाव, पुढे "निवृत्त". सुभेदार अंगणातून आले, चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, "सुभेदार लिही." बाई म्हणाल्या, "अहो, वरचं सोडून खालचं कुणी लिहितं का?" तर म्हणाले, "कॅप्टन मानाचा आहे, सुभेदारी कमाईची आहे. पलटणीत पोरं मला 'साहेब' म्हणायची ती सुभेदार म्हणून." नेमप्लेटवाला बिचारा ब्रश धरून उभा, दोघांच्या तोंडाकडे बघत. शेवटी म्हणाला, "मी जेवून येतो." गेला तो आलाच नाही परत!

यात त्यांच्या सासूबाईंनी काय केलं माहितीये? ऐंशीच्या पुढच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण नेमकं येतं. खाटेवरूनच म्हणाल्या, "सुभेदार म्हणजे काय हलकं वाटलं का गं तुला? तानाजी मालुसरे कोण होता? सुभेदार. मल्हारराव होळकर कोण? सुभेदार. अर्धा हिंदुस्थान पालथा घातला तरी लोक सुभेदारच म्हणत आले त्यांना. आणि तुला तीन चांदण्या पाहिजेत." सूनबाई गप्प. मी चहाचा कप तोंडाला लावून बसले होते, हसू लपवायला तेवढाच आडोसा.

तर काय सांगत होते... हां, फ्लेक्स! नेमप्लेटचं प्रकरण घरातलं होतं हो, चार भिंतींत राहिलं असतं. पण उत्सवाचा फ्लेक्स लागला आणि सगळं गावभर झालं. तुम्ही बघितलात ना स्टँडजवळचा? वर देवाचा फोटो एवढासा, खाली बत्तीस चेहरे. कुणी कार्यसम्राट, कुणी विकासपुरुष, कुणी युवा हृदयसम्राट. ज्याने अजून घरचा गोठा स्वतः झाडला नाही तोही "कार्यकुशल". आणि आमच्या सुभेदारांचं नाव कुठे, तर सगळ्यात खाली, डीजेवाल्याच्या नंबरच्या वर. तेसुद्धा नुसतं "माजी सैनिक". ना कॅप्टन, ना सुभेदार! बाईंनी तिथे उभं राहून तो दोनदा वाचला म्हणे. मग घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. सुभेदार मात्र म्हणाले, "माजी सैनिक काय वाईट आहे? खरंच आहे ते."

आमच्या ह्यांना असं काही मिळालं की झालं. चहा दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदा झाला, व्याख्यान चालूच. "घटनेचं कलम १८ काय सांगतं? सरकार कुणाला किताब देणार नाही. रावबहादूर, सर, दिवाणबहादूर, सगळं बंद. सवलत फक्त दोघांना, सैन्यातल्या हुद्द्याला आणि विद्येच्या पदवीला." म्हणजे बघा वहिनी, त्या फ्लेक्सवरच्या बत्तीस जणांत नावापुढे काही लावायचा हक्क होता तो एकट्या सुभेदारांना, आणि नेमकं त्यांचंच खाल्लं. पद्मश्रीवाल्यांनासुद्धा ते नावामागे किंवा पुढे लावता येत नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. मी म्हटलं, "मग हे कार्यसम्राट?" तर हे म्हणाले, "ते सरकारने थोडंच दिलंय? ते फ्लेक्सवाल्याने दिलंय. स्क्वेअर फुटावर."

आणि आपल्या मावळात किताबांचा सोस काय आजचा आहे का? खोऱ्याखोऱ्याला एक देशमुख आणि देशमुखागणिक एक किताब. आपल्या पौड खोऱ्याचे ढमाले, ते राऊतराव. मुठे खोऱ्यातले मारणे, गंभीरराव. कानद खोऱ्याचे मरळ झुंजारराव, गुंजण मावळचे शिळीमकर हैबतराव. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत अजून दिसतात की. आणि त्या पत्रिकांवरून किती सोयरिकी फिसकटल्यात ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याच चुलत नणंदेच्या वेळी... जाऊ दे, तो विषय नको.

शिवाजी महाराजांनी मात्र हे सगळं कसं बांधून घातलं होतं बघा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजारीला हजार. सगळ्यांच्या वर सरनौबत. म्हणजे हुद्दा होता, पगार होता, काम होतं. आणि किताब? तो कुणी मागून घ्यायचा नाही, करून दाखवायचा. कुडतोजी गुजर म्हणून कोण होता, आज किती जणांना ठाऊक आहे? पण प्रतापराव म्हटलं की लहान पोरसुद्धा सांगेल. हंसाजी मोहित्यांचे हंबीरराव झाले, ते तसेच. पुढे राजाराम महाराजांच्या वेळी तर काय, विठोजी चव्हाण हिंमतबहादूर झाले. कशाबद्दल? औरंगजेबाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले म्हणून! संताजी घोरपड्यांबरोबर तुळापूरच्या छावणीत घुसून. आता सांगा, कार्यसम्राटाने कुठल्या तंबूचं काय कापून आणलंय?

बरं, पण खरी गोष्ट तळेगावची. ती नाही सांगितली तर माझं पोट दुखेल. आपल्यापासून लांब नाही हो, तिकोन्याच्या पलीकडे पवनेचं खोरं ओलांडलं की आलंच तळेगाव. तिथले दाभाडे. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापती केलं. घराण्याचं सोनं झालं. गुजरातेत वसुली, दारात हत्ती. आणि सातारच्या दरबारात पेशवे भट, आधी बाळाजीपंत, मग त्यांचा पोरगा बाजीराव. आता सेनापती मोठा की पेशवा मोठा? शिवाजी महाराजांच्या वेळी दोघेही अष्टप्रधानांतले. पण बाजीरावांच्या हातात लगाम आला आणि सेनापतीला वाटायला लागलं, आपण नुसते नावाचे राहिलो. भाऊबंदकीत असंच असतं हो, शेताचा तुकडा कमी मिळाला तर चालतो, पण पान कुणाच्या आधी वाढलं ते विसरत नाही माणूस.

१७२९ ला खंडेराव गेले, त्यांचे चिरंजीव त्र्यंबकराव सेनापती झाले, आणि दोन वर्षांत थेट लढाईच. १ एप्रिल १७३१, गुजरातेत डभईजवळ. मराठ्यांचा पेशवा आणि मराठ्यांचा सेनापती समोरासमोर! शाहू महाराज तिकडे साताऱ्यात काय म्हणाले असतील, कल्पना करा. त्र्यंबकराव पडले. गोळी लागली डोक्यात. ती कुणाच्या बाजूने आली याबद्दल तळेगावात अजून दोन मतं आहेत, आणि मी त्यात पडत नाही, माझी मावससासू तिथली आहे.

आता उमाबाई. खंडेरावांची बायको, त्र्यंबकरावांची आई. नवरा गेला, तरणाताठा मुलगा गेला, तोही आपल्याच माणसांच्या हातून. तुम्ही-आम्ही असतो तर भिंतीकडे तोंड करून बसलो असतो. असं सांगतात की शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन बाईंच्या समजुतीला गेले, पुढे उभं केलं आणि बाईंच्या हातात तलवार देऊन म्हणाले, घ्या, याचं काय करायचं ते करा. बाईंनी माफ केलं. खरं काय घडलं ते देव जाणे, पण त्या खोलीत जे कोण उभे असतील त्यांच्या चेहऱ्यांचा विचार करते ना मी, तर अंगावर काटा येतो. बाजीराव! ज्याच्यापुढे निजाम टरकायचा, तो एका विधवेपुढे मान खाली घालून.

मग सेनापतीपद धाकट्या यशवंतरावांना दिलं. पोरगा लहान, पुढे व्यसनीही निघाला म्हणतात. म्हणजे किताब कागदावर लेकाचा आणि कारभार आईच्या हातात. आणि नुसता हिशेबाचा कारभार नव्हे बरं का. अहमदाबादेवर चालून गेल्या बाई. लोक त्यांना सरसेनापती म्हणतात ते उगाच नाही. जिंकून आल्यावर शाहू महाराजांनी पायात सोन्याचे तोडे घातले असंही सांगतात. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "बघा." तर म्हणाले, "तुला तोडे नकोत, तुला माहेरच्या लोकांपुढे मान हवाय." आता याला काय उत्तर द्यायचं?

शेवट मात्र वाईट. पुढे ताराबाईंच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या, डाव उलटला. १७५१ ला दाभाड्यांचे सरदार दमाजी गायकवाड पकडले गेले, दाभाडेही कैदेत. लोहगडावर ठेवलं त्यांना. त्या लोहगडावर, जिथे आपण त्या पावसाळ्यात भजी खायला गेलो होतो! १७५३ ला पुण्यात गेल्या बाई. तळेगावला बनेश्वराच्या देवळात समाधी आहे, दर्शनाला गेलात तर बघून या. आणि गंमत म्हणजे ज्या गायकवाडांना दाभाड्यांनी हाताशी धरलं, तेच पुढे बडोद्याचे राजे झाले. "सेनाखासखेल समशेर बहादर" लावून शेवटपर्यंत मिरवले. धन्याचा किताब सुकला आणि चाकराचा फळला. आपल्याकडे वाटेकऱ्यांचं असंच... तुम्हाला माहितीये मी कुणाबद्दल बोलतेय.

तर काय सांगत होते, बायकांच्या किताबाचं. माझी भाची आहे ना क्वालालंपूरला, जावई कंपनीत मोठा आहे. तिचा परवा व्हिडिओ कॉल आला. तिला मी हे सुभेदारीणबाईंचं सगळं सांगितलं तर हसून हसून लोळली. म्हणाली, "मावशी, तुमच्या बाई इथे असत्या तर सुखी झाल्या असत्या." मलेशियात म्हणे राजा असतो, नऊ राज्यकर्त्यांतून पाच-पाच वर्षांनी पाळीपाळीने. तोच सैन्याचा सर्वोच्च प्रमुख. आणि तो किताब देतो. दातुक, त्यावर तान श्री, त्यावर तुन. सैन्याचा प्रमुख झालेल्या माणसाला बहुधा तान श्री मिळतोच. मग पत्रिकेवर नाव कसं, तर "जनरल तान श्री अमुकअमुक". हुद्दाही आणि किताबही, एकावर एक. आणि ऐका, ऐका, खरी गोष्ट पुढेच आहे. नवरा दातुक झाला की बायको आपोआप दातिन! तान श्रीची बायको पुआन श्री, तुनची तोह पुआन. वेगळा अर्ज नको, फ्लेक्सवाल्याला फोन नको.

मी विचारलं, "आणि बायकोला स्वतःला मिळाला तर नवऱ्याला काय?" म्हणाली, "काही नाही." काही नाही! अहो, मला इतका आनंद झाला की मी ह्यांना हाक मारून पुन्हा म्हणायला लावलं तिला. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

भाचीच्या बिल्डिंगमध्ये एका दातिनबाईंना लिफ्टमध्ये कुणीतरी नुसतं "मॅडम" म्हटलं म्हणे, तर बाई पुढच्या मजल्यावर उतरल्या. उतरायचं नव्हतं तरी. आणि तिथल्या नौदलात ॲडमिरलला काय म्हणतात? लक्समाना. आपला लक्ष्मण! रामाच्या मागे जाऊन चौदा वर्षं पहारा केला, तिकडे त्याला आरमारच सोपवलं. जुन्या मलाक्काच्या सुलतानाचा हांग तुआ म्हणून वीर सांगतात, तो लक्समानाच. आमचे हे पेपराआडून म्हणाले, "आपल्याकडेही होता, कान्होजी आंग्रे, सरखेल." हो, होता. पण आता आपल्या नौदलात ॲडमिरल, कमोडोर, सगळी इंग्रजांची नावं. २०२३ च्या नौदल दिनाला सिंधुदुर्गात पंतप्रधान सांगून गेले, हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देणार. सुभेदारीणबाईंनी ती बातमी कापून ठेवलीय, मी स्वतः बघितली.

या सगळ्या किताबवाल्यांत मला आवडतात ते महादजी शिंदे. सगळ्या हिंदुस्थानात ज्याचा दरारा, दिल्लीचा बादशहा ज्याच्या मुठीत, तो १७९२ ला पुण्यात आला तो पेशव्यांना बादशहाचा मोठा किताब द्यायला, वकील-ए-मुतलक. आणि दरबारात काय केलं? काखेतून जोडे काढले आणि पोरसवदा सवाई माधवरावांच्या पायाशी ठेवले. म्हणे, आमच्या वडिलांचं काम हेच. स्वतःला म्हणवून घ्यायचं तर पाटील. पाटीलबावा! आता नाना फडणवीस शेजारी बसून हे बघत होते. त्यांना काय वाटलं असेल? ज्याने एवढा मोठा किताब आणलाय तो स्वतः जोडे उचलतोय, म्हणजे हा माणूस साधा आहे की पक्का आहे? मला विचाराल तर पक्का. आपल्याकडे निवडणुकीला उभे राहणारे नाही का, त्या पंधरा दिवसांत सगळ्यांच्या पाया पडतात.

पण वहिनी, या सगळ्यांत आपल्या तालुक्याचा किताब कुणाचा, सांगा बघू? सेनापती बापटांचा! पुण्यात सेनापती बापट रोड, मुंबईत सेनापती बापट मार्ग. रिक्षावाले "एसबी रोड" म्हणतात, तिथल्या मॉलमध्ये आपली पोरं नोकरीला जातात, पण त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की हा सेनापती आपल्या मुळशीने केलाय?

आमच्या आजेसासूबाई धरणाच्या बाजूच्या. त्यांचं माहेर पाण्याखाली गेलं. शेवटपर्यंत "धरण" म्हणाल्या नाहीत कधी, "ते पाणी" म्हणायच्या. त्या सांगायच्या ते असं. मुळा आणि नीला नदीच्या संगमावर टाटा कंपनीला धरण बांधायचं, वीज करायची, ती मुंबईच्या गिरण्यांना. गावं बुडणार पन्नासाच्यावर. आणि जमीन कसली, आंबेमोहोराची! एका घरी भात शिजला की चार घरं ओळखायची. मग पुण्याहून हे बापट आले. पारनेरचे, पांडुरंग महादेव. शिकलेले किती, तर स्कॉलरशिपवर एडिंबरोला गेलेले. तिकडे इंग्रजांविरुद्ध बोलले म्हणून ती स्कॉलरशिप गेली, मग पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून परत आले. असा माणूस पारनेरात हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा. लोक म्हणायचे, वेड लागलंय. म्हणणारच, आपण म्हटलं नसतं का?

१९२१ ची रामनवमी, १६ एप्रिल. शेकडो मावळे जाऊन धरणाच्या कामावर बसले. हातात काही नाही. बायका होत्या, जाईबाई भोईटे होत्या. ना घोडा, ना तोफ, ना होन, ना जुमला, आणि लोक म्हणायला लागले "सेनापती". कुणा महाराजाने वस्त्रं दिली नाहीत, यादी निघाली नाही. आजेसासूबाई म्हणायच्या, कुणी पहिल्यांदा म्हटलं तेच ठाऊक नाही. एवढं मात्र खरं की एकदा म्हटलं ते मेल्यावरही सुटलं नाही.

आणि काय सोसलं त्या माणसाने! काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बसले, तुरुंग. एकीकडे पुण्यात पुढाऱ्यांची चर्चा आणि दुसरीकडे सावकार. जमिनी बऱ्याचशा त्यांच्याच नावावर गेलेल्या ना, त्यांना मोबदला हवाच होता. कसणाऱ्याला कोण विचारतं? आजेसासूबाई त्या सावकारांची नावं घेऊन सांगायच्या, मी घेत नाही, त्यांचे पणतू आपल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतात. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी धरणाकडची गाडी अडवली, तीही पिस्तूल आणि तलवार घेऊन. गांधीजींच्या सत्याग्रहात हे बसतं का, तर नाही बसत. बापट म्हणाले असतील, नसेल बसत. सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ ला भिऱ्याला वीज सुरू झाली आणि सेनापती आत. हरलेला सेनापती, हो! पण त्र्यंबकराव दाभाडे हरले तेव्हा किताब दुसऱ्याला दिला. बापटांचा कुणी घेतला नाही. घेणार कसा, दिलाच नव्हता कुणी.

आणि एक सांगू? उमाबाई गेल्या २८ नोव्हेंबरला, १७५३. सेनापती बापट गेले २८ नोव्हेंबरलाच, १९६७. मी ह्यांना दाखवलं, तर म्हणाले योगायोग. असेल. पण मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन हिंडत होते.

तर आता फ्लेक्सचं पुढे काय झालं ते. तो युवा हृदयसम्राट आहे ना, ज्याच्या गाडीच्या काचेवर... हां, तोच. त्याचा पुढच्या महिन्यात वाढदिवस. त्याने फ्लेक्सवाल्याला काय लिहून दिलंय? "कोळवण खोऱ्याचे सरसेनापती"! मला फ्लेक्सवाल्याच्या बायकोने सांगितलं, ती माझ्या भिशीत आहे. हे पारावर कळलं, तेव्हा सुभेदारही तिथेच बसले होते. इतके दिवस गावात कॅप्टन-सुभेदारावरून हूं की चूं न करणारा माणूस, पण त्या दिवशी उठला. त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाळा, बापट सात वर्षांच्या शिक्षेवर गेले होते. तू पहिल्यांदा भरतीचा फॉर्म भर, मी सोबत येतो ग्राउंडला." पोरगा लालबुंद. बाजूचे दोघं हसू दाबायला खोकले. त्याचा बाप मात्र तिथेच होता, त्याने मान वर केली नाही. मला त्याचं वाईट वाटलं हो, बाप बिचारा चांगला आहे.

सुभेदारीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नेमप्लेटवाल्याला फोन केला आणि म्हणाल्या, "ते सांगतात तसं लिही. फक्त अक्षरं मोठी काढ."

आता मंडळातले दोघेतिघे अर्ज घेऊन फिरतायत, पुढच्या वर्षीपासून फ्लेक्सवर कुणाच्याच नावाआधी काही लावायचं नाही, नुसतं नाव आणि आडनाव. आमच्या ह्यांनी लगेच सही केली, स्वतःच्या सहीआधी "मा." लिहून! मी बघितलं, पण काही बोलले नाही. काल तुमच्याकडेही आले होते ना ते अर्ज घेऊन? मी खिडकीतून बघितलं, बराच वेळ बसले होते. भाऊजींनी सही केली का हो? आणि काय लिहिलं?